चपलांच्या कपाटातली मूर्ती

रविवार, संध्याकाळ. गाझियाबाद.

किळस आली आज. अजून जात नाही.

रोज संध्याकाळी मी मूर्तीसमोर बसते आणि बुद्धाचा एकेक गुण मनात आणते. आज बसायला गेले तर शेल्फवर मूर्तीच नाही. सुधीरनं मोबाइलमधून मानही वर केली नाही. "चपलांच्या कपाटात बघ," म्हणाला.

चपलांच्या कपाटात! बाबांनी लग्नात नागपूरहून आणून दिलेली मूर्ती माझ्या नवऱ्यानं बुटांमागे कोंबली होती, जुन्या टॉवेलात गुंडाळून. टॉवेलाला मोज्यांचा वास.

"दुपारी साहेब चहाला आले होते ना. आडनावावरून आपलं काही कळत नाही त्यांना. मूर्ती बघून लगेच कळलं असतं. प्रमोशन तोंडावर आलंय यार, समजून घे."

म्हणजे मी आत भजी तळत होते तेव्हा ह्यानं हे उरकलं. शी!

मूर्ती पुसली, बसले. प्रज्ञा आठवली, शांती आठवली, करुणेपाशी अडले. डोळे मिटले की तोच मोज्यांचा वास. ज्यानं कुणालाच हीन मानलं नाही, त्याचीच आम्हाला लाज? सुधीरबद्दल करुणा वाटायला हवी का? आज नाही वाटत. खोटं कशाला लिहू.

उठले आणि मूर्ती हॉलमध्ये ठेवली, सोफ्याच्या अगदी समोर.

"साहेबांना पुढच्या रविवारी जेवायला बोलाव," मी म्हटलं.

सुधीरनं मोबाइल बाजूला ठेवला. मग हळूच, "आणि त्यांनी विचारलं तर?"

"तर सांग. तुला जमलं नाही तर मी सांगेन."