खडकाने दिलेली ओ

वेंगुर्ले,
मंगळवार, २४ फेब्रुवारी २००९

दादा,

तुला, वैनीला आणि तुमच्या जान्हवीला नमस्कार. तुम्ही सगळे बरे आहात असं धरून चालतो, विचारायचा हक्क मी ठेवलेला नाही. मी बरा आहे. थोडा वाळलोय, इतकंच.

अक्षर ओळखलं असशील. आठवीत सोडलं तसंच आहे. मी वेंगुर्ल्यात येऊन महिना झाला. दोनदा कुडाळच्या एस.टी.त बसलो, तुझ्याकडे वालावलला यायचं म्हणून. पहिल्या वेळी पिंगुळीला उतरलो. तिथे एक म्हातारा बाहुल्यांचे तुटलेले हात दोऱ्याने बांधत होता, ते बघत बसलो आणि संध्याकाळ झाली. दुसऱ्या वेळी मठ गावाच्या अलीकडेच उतरलो, आणि तिथे बघण्यासारखं काही नव्हतंसुद्धा.

म्हणून लिहितोय. समोर आलो तर मी पुन्हा दुसरंच काहीतरी बोलत बसेन. माझं तुला माहीत आहे.

तू वालावलला काजूच्या बागेची राखण करतोस ते इथे आल्यावर समजलं. हेही समजलं, की खाडीच्या पलीकडच्या तीरावर जायचं असलं तरी तू होडीत पाय ठेवत नाहीस, सगळा वळसा घालून रस्त्याने जातोस. हे मला इथल्या लोकांनी हसत सांगितलं. मी हसलो नाही.

मी कुठे होतो ते सांगतो. आधी गोवा, मग मुंबई, मग अंदमान. पोर्ट ब्लेअरहून पाहुण्यांना घेऊन जाणारी एक बोट होती, तिच्यावर अडीच वर्षं काढली. लांबच्या बेटांवर जायचो. त्यातलं एक बेट म्हणजे नुसता धुमसणारा डोंगर, दादा. समुद्रातून वर आलेला, काळा, माथ्यावर धूर. कधी रात्री माथा लाल दिसायचा. आमच्या बोटीचे नियम कडक. बेटावर उतरायचं नाही. मोठ्या बोटीवरून छोट्या होडीत बसायचं, कडेकडेने फिरायचं, पाण्यात डोकं घालून मासे बघायचे आणि परत. कचऱ्याचा कपटा मागे ठेवायचा नाही, तिथला खडा उचलायचा नाही. दुसऱ्या बेटांवर उतरायची परवानगी होती, तिथे आधी सगळ्यांच्या बुटांचे तळवे ब्रशने घासायचो, एका बेटाचं बी दुसऱ्या बेटावर जाऊ नये म्हणून. मला ते आवडायचं. पाहुण्यांचे पाय धरून बसायला लाज वाटायची नाही.

त्या धुराच्या बेटावर बकऱ्या आहेत. कोणी तरी कधीकाळी सोडलेल्या. गोडं पाणी नसल्यासारखंच, तरी जगतात. काळ्या राखेवर उभ्या राहून आमच्याकडे बघत राहायच्या. पाहुणे दुर्बीण लावून बकऱ्या मोजायचे. मला दुर्बिणीतून दर वेळी एक जास्त दिसायचं. बकरी नव्हे. उभं, सदरा काढलेलं. मी दुर्बीण घेणंच सोडून दिलं.

ते असो.

त्या बोटीवर माणसांचा हिशेब ठेवायची एक लाकडी फळी होती. खिळ्यांवर नंबरांचे बिल्ले. खाली उतरताना आपला बिल्ला उलटा करायचा, परत आल्यावर सुलटा. ज्याचा त्याने. दुसऱ्याचा फिरवायचा नाही. एके दिवशी एक बाई ओल्या अंगाने वर आल्या आणि म्हणाल्या, माझा नऊ नंबर तेवढा फिरव, मी कपडे बदलून येते. मला फिरवता येईना. हात बिल्ल्यावर, आणि हात हलेना. बाई समोर उभ्या, केसांतून पाणी गळतंय, आणि मी त्यांना विचारतोय, तुम्ही नक्की आलात ना? पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या घाबरल्या आणि कप्तान आला. त्यानंतर मला होडीवर घेतलं नाही. भांडी घासायला ठेवलं. महिन्याभराने मी निघालो.

आता मूळ गोष्ट लिहितो. तुला माहीत असलेलंही लिहितो, कारण हा कागद तू आणखी कुणाला तरी दाखवावास असं मला वाटतं.

आपल्या घरात होडीवर माणसं मोजत नाहीत. मासळी मोजतात, टोपल्या मोजतात, माणसं मोजत नाहीत. मोजलेलं कमी होतं, असं बाबा म्हणायचे. किनारा सोडायच्या आधी ते एकेकाचं नाव घेऊन हाक मारायचे आणि ज्याने त्याने ओ द्यायची. तू पाहुण्यांची होडी सुरू केलीस तेव्हाही तेच ठेवलंस. सकाळी चौदा अनोळखी माणसांची नावं विचारायचास आणि दुपारी समुद्रातल्या खडकावरून निघताना एकही नाव न चुकता हाक मारायचास. पुण्यामुंबईच्या लोकांना त्याची मजा वाटायची. शाळेतल्यासारखी हजेरी म्हणायचे.

दोन हजार तीनचा मे. पक्षी बघणारा गट होता. दोन होड्या, एक तुझी, एक दत्तारामची. पाकोळ्यांच्या गुहेच्या खडकावर पाहुण्यांना उतरवलं होतं. गुहेत कुणी शिरायचं नाही, घरट्याला हात लावायचा नाही, हे तू सकाळीच सगळ्यांना बजावलं होतंस. तुझ्या हाताखाली होडीवर असलेल्या आम्हा दोघांकडे, माझ्याकडे आणि शेवंतीकाकीच्या निलेशकडे बघून जास्त.

निलेशला एका परक्या व्यापाऱ्याने ती घरटी आणायला सांगितली होती. पाकोळ्या थुंकीने बांधतात ती, परदेशात खायला महाग विकली जातात. मला माहीत होतं. निघायची वेळ झाली तेव्हा तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दादान हाक मारल्यान तर माझ्या नावाची ओ दी. मी मागसून दत्तारामाच्या होडयेतसून येतंय." आणि पाण्याची बाटली घेऊन गुहेकडे गेला.

तू मागे इंजिनापाशी होतास, मी पुढच्या टोकाला, नाळेवर. मध्ये चौदा माणसं, छत्र्या, टोप्या. तू हाका मारत गेलास. निलेश म्हणालास. मी तोंड समुद्राकडे फिरवून त्याच्या बारीक आवाजात ओ दिली. त्याचा आवाज मला लहानपणापासून काढता यायचा, शाळेत त्याची हजेरीही मीच लावायचो. मग माझं नाव घेतलंस. माझ्या आवाजात ओ दिली. तू इंजिन सुरू केलंस.

ती ओ माझी होती, दादा.

दत्तारामची होडी मागे होती. तो तिच्यातून येईल असं मला वाटलं.

किनाऱ्यावर आल्यावर तुला सांगणार होतो. पण त्या गटातल्या एका मुलीने मला दुर्बीण दिली, किनाऱ्यावरचे पक्षी बघ म्हणाली, ते बघत राहिलो. मग तिने फोटो काढला. मग वारा उठला. मग तू होड्या वर ओढायला हाक मारलीस, आणि इतक्या लोकांत कसं सांगायचं. असं करत दिवेलागण झाली.

शेवंतीकाकी आपल्या दारात आली ती तुला आठवतच असेल. हातात सूप तसंच होतं. निलेश घराक येवक नाय म्हणाली. तू तिला सांगितलंस, "काकी, तो माझ्या होडयेत होतो. मी हाक मारलंय, तेना ओ दिल्यान. माझ्या कानांन ऐकलंय." मी तुझ्या मागे उंबऱ्यावर उभा होतो. तुझ्या शब्दावर सगळा गाव किनाऱ्यावर शोधत राहिला. बाजारात, शिरोड्याला, गोव्याच्या गाड्यांवर. खडकाकडे कुणी बघितलं नाही. बघायचं कारणच नव्हतं, तो तर परत आला होता. दीपगृह पलीकडच्या खडकावर, आणि गुहा त्याच्या पाठीला, म्हणून तिथूनही कुणाला दिसलं नाही.

तीन दिवस वारा पडला नाही, होड्या वाळूवरच होत्या. चौथ्या दिवशी मासळीला गेलेल्यांना गुहेच्या वर एका वाळक्या लाकडाला बांधलेला त्याचा सदरा मिळाला, किनाऱ्याच्या बाजूला तोंड करून. तो मिळाला नाही.

पुढचं तू भोगलंस. लोक तुझ्याबद्दल म्हणाले, सत्यवानाला खडकाच्या राखणदाराने ओ दिली आणि पोराला ठेवून घेतलं. बूट घातलेली माणसं त्याच्या जागेवर नेलीस, त्याला नारळ ठेवला नाहीस. तूही ते मानलंस. तुझ्या कानाने ऐकलेलं खोटं कसं म्हणणार? होडी विकलीस. मासळी सोडलीस. वैनी सांगायची, तू झोपेत नावं घेतोस आणि थांबतोस. जूनमध्ये मी पळालो ते तुझ्या त्या थांबण्याला भिऊन. त्याआधी तू माझ्या खोलीत येऊन झोपायला लागला होतास, आपण दोघंच. तू निलेश म्हणायचास, आणि मग गप्प. आणि अंधारात मला वाटायचं, आता माझ्या तोंडून आवाज निघेल.

दादा, वर एक ओळ खोटी लिहिली आहे. खोडत नाही, तशीच राहू दे.

दत्तारामची होडी मागे नव्हती. तिच्यात एका पाहुण्याला उलट्या होत होत्या, म्हणून तो आपल्या आधीच निघाला होता. गुहेत शिरलेल्या निलेशला ते दिसलं नाही. मी नाळेवर होतो, मला दिसलं. तू हाक मारलीस तेव्हा दत्तारामची होडी किनाऱ्याच्या वाटेला अर्ध्यावर होती. मी तिच्याकडेच बघत होतो आणि बघत असतानाच ओ दिली. बोललो असतो तर तू पाहुण्यांसमोर त्याच्या थोबाडीत दिली असतीस, मग माझ्या. तेवढंच भय होतं. एका थोबाडीचं. ती खायला नको म्हणून.

इथे आता पुन्हा पाहुण्यांना खडकांकडे न्यायचं सुरू झालंय, नव्या पद्धतीने. लांबच इंजिन बंद करायचं, खडकावर कुणी उतरायचं नाही, पक्षी घरट्यांवर असले की जायचंच नाही. अंदमानात शिकलेलं आहे म्हणून मला घेतलं. शनिवारी पहिल्यांदा गेलो. इंजिन बंद केल्यावर मी उभा राहिलो आणि निलेशच्या नावाने हाक मारली. पाहुणे बघत राहिले. मी तीनदा मारली. काही आलं नाही. नुसती पाखरं आणि खाली पाण्याचा आवाज. माझी हाकसुद्धा परत आली नाही. खडक ओ देत नाही, दादा. तू ऐकलीस ती माणसाची होती. तुझा कान बरोबर होता.

परवा बंदरावर शेवंतीकाकीकडे गेलो. ती बांगडे लावून बसली होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो आणि सगळं सांगितलं, दत्तारामच्या होडीसकट. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "पाणी होता मा रे तेच्याकडे?"

अर्धी बाटली होती, म्हटलं.

"अर्धी कित्या?"

अर्धी आधी मी प्यायलो होतो. तेही सांगितलं.

ती बराच वेळ बांगड्यांवर पाणी शिंपडत राहिली. मग म्हणाली, "सत्यवानाक सांगलंस?" मी नाही म्हटलं. "मगे माका कित्या पयलो सांगतस? तो मेलो नाय तरी मेल्यासारखो ऱ्हवता. मी सा वर्सां तेचा तोंड बघूक नाय. जा, तेका सांग. आणि तू माझ्या म्होरे परत येव नको." माझ्याकडे न बघता बोलली. मग पुढच्या बाईला भाव सांगू लागली.

म्हणून हा कागद. कुणालाही दाखव. दत्तारामला दाखव, देवळात वाच, पोलिसात दे. कोणी विचारलं तर मी जे लिहिलंय तेच सांगेन. तू एकदा शेवंतीकाकीकडे मात्र जा. तिने तुझ्यावरचा राग सोडलाय की नाही मला माहीत नाही, पण तुला तिने नको म्हटलेलं नाही. नको मला म्हटलंय.

हे तुला गुरुवारी मिळेल. शुक्रवारी सकाळच्या गाडीने वालावलला येतोय. लक्ष्मीनारायणाच्या तळ्याच्या पायरीवर बसेन. वाटेत कुठे उतरणार नाही. तू यायलाच हवं असं नाही. संध्याकाळची शेवटची गाडी गेली तरी मी तिथेच असेन, शनिवारीही. मारायला आलास तरी चालेल. ती थोबाडीत अजून बाकी आहे.

खाली काय लिहायचं ते कळत नाही. तुझा भाऊ, असं तू म्हणशील तेव्हा लिहीन.

प्रितम