मधले गुण

९ नोव्हें., रवि.
माधव नगरच्या शाळेत मल्लखांबाची स्पर्धा. मी मुख्य पंच, हाताखाली चार. चौघांतले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळायचे, मधल्यांची सरासरी. अठरा मुली, आणि चौघांतल्या मीनलने दिलेले गुण एकदाही वगळले गेले नाहीत. पंच होऊन पुरतं वर्ष नाही! मागच्या स्पर्धेतही हेच.
तिच्या शेजारचे पंच दुबेजी खूश. "दादा, लड़की तैयार है। भेज दो नाम राज्य पैनल में।" शिफारस ३०च्या आत जायला हवी. सही माझी.

११ नोव्हें., मंगळ.
गुणपत्रकं काढून बसलो. मीनल गुणांची चिठ्ठी सगळ्यांत शेवटी देते. शेजारी दुबेजी. त्यांच्या कागदावर नजर?
सौ. म्हणाली, "पेपर तपासायची नोकरी सुटली, संशय काही सुटला नाही तुमचा."

१६ नोव्हें., रवि.
सराव स्पर्धा. खुर्च्या चार कोपऱ्यांत लावल्या, चिठ्ठ्या शिट्टीसरशी एकदम. कारण कुणाला सांगितलं नाही. पहिल्या सात मुलींना मीनल मधेच. म्हणजे नक्कल नाही. मग?
आठवी मुलगी. तिघांचे ८.६, ८.७, ८.६. मीनल ७.९. एवढा फरक पडला की मुख्य पंचाने बोलावून विचारायचं असतं. बोलावलं.
"उतरताना हात गादीला टेकला, सर."
"बाकी कुणाला दिसला नाही."
"मग ८.५ करते." केलेही.
हात टेकला होता. मी पाहिला होता. गप्प राहिलो, मीनलला जोखायला. त्या मुलीला फुकटचे गुण.

१८ नोव्हें., मंगळ.
मीनलला फोन. बदलले का?
"तुम्ही बोलावलंत ना, सर. दुबे सरांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, दादांनी बुलावा धाडला म्हणजे गुण बदलायचे. मधले दिले की बुलावा येत नाही."
वीस वर्षं मी फक्त विचारायला बोलावतोय! निदान समजूत तशी. बोलावल्यावर गुण तसेच ठेवणारा एक तरी पंच… नाव आठवेना.
ती नजरेची पक्की. पण वरच्या स्पर्धेत मोठ्या नावाचा मुख्य पंच समोर असेल तेव्हा?

२० नोव्हें., गुरु.
ठरवलं. रविवारच्या सरावात मुख्य पंच मीनल. मी तिच्या हाताखाली, कोपऱ्यातल्या खुर्चीवर.
दुबेजी: "चेले को गद्दी? तबियत तो ठीक है, दादा?"

२२ नोव्हें., शनि.
एका मुलीला मुद्दाम भलते गुण द्यायचे मनात आहे. कुणाला बोललेलो नाही.
दुपारी मीनलचा फोन. "सर, उद्या तुमचे गुण फार वेगळे आले तर बोलावू?"
"नियमच आहे."
"येऊन तुम्ही बदललेत, तर ते पटलं म्हणून की मला पास करायचं म्हणून, हे मी कसं ओळखायचं?"
उद्या बघू म्हणालो. शिफारसपत्र टाइप करून ठेवलंय. सही केलेली नाही.