हय्याचा उपास

१२ फेब्रुवारी

आजही तोंड फिरवलं! उंदीर कोमट पाण्यात ठेवून नरम केला, चिमट्याने शेपटीला धरून तिच्यापुढे नाचवला. या वयात मी मेलेल्या उंदरांच्या कळसूत्री बाहुल्या खेळवतेय! हय्याने एकदा जीभ काढून वास घेतला, अंगाची गुंडाळी केली आणि डोकं मधोमध खुपसलं. लमियाही लहानपणी पालक पाहिला की अशीच उशीत डोकं खुपसायची.

साप तिचा. इस्पितळात जाताना पेटी माझ्या हातात दिली. "आई, आठवड्याला एक उंदीर, बास. तुझ्यापेक्षा कमी कटकटीची आहे ती." हातभर अजगराचं पिल्लू. नावसुद्धा ठेवलेलं नाही — नुसतं हय्या, म्हणजे अरबीत साप. लेक इस्पितळात गेल्यापासून त्या पिल्लाने काही खाल्लेलं नाही. लेकीनेही जवळजवळ नाहीच.

१३ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरची ओदेत्त बर्फ मागायला आली. स्वतःच जाऊन फ्रीजर उघडला. किब्ब्याच्या, म्हणजे खिम्याच्या वड्यांच्या डब्याला टेकून उंदरांची पिशवी! अशी किंचाळली! "अगं नुहाद, दुःखात माणसं देवाकडे वळतात, तू कुठे वळलीस बाई!" दोघी हसत सुटलो. मग दोघी रडलो.

१६ फेब्रुवारी

इस्पितळात लमियापुढे सूपचा वाडगा तसाच निवत होता. म्हणाली, "हय्या जेवली?" मी 'नाही' म्हणणार, तेवढ्यात — "ती जेवली की मी जेवेन. दोघींनी बरोबर उपास धरलाय, बरोबरच सोडू."

"जेवली की! सकाळीच. शेपटीसकट!"

कसं तोंडातून गेलं कोण जाणे. ती हसली. चार चमचे सूप प्यायली. चार! शाळेत खोटं बोललं की नन्स गार फरशीवर गुडघे टेकायला लावत. आज कोणीही लावा, मी टेकते.

१८ फेब्रुवारी

बुर्ज हम्मूदला हागोपच्या दुकानात गेले. साप त्याच्याकडूनच घेतला होता. जन्म बैरुतमध्ये गेला, तरी या आर्मेनियन माणसाच्या अरबीत बाई-पुरुषाचा मेळ काही बसत नाही.

"मादाम, तू घाबरू नको, तू शहाणा बाई आहे. ही हय्या हट्टी आहे. पण तो खाणार."

"तो की ती, हागोप?"

"तो तीच आहे! उंदीर कोंबडीच्या रश्श्यात बुडव. पेटी उबदार ठेव."

उबदार ठेव म्हणे! वीज नाही, आणि जनरेटरवाला दुपारीच बंद करून झोपतो. गरम पाण्याची पिशवी ठेवली, वरून माझी लोकरीची शाल.

२४ फेब्रुवारी

रस्साही नापसंत. लमियाला सांगितलं, "आज तर दुसरा मागत होती." तिने दही-भाताचे दोन घास घेतले.

माँट्रियलहून नबीलचा फोन. "आई, यकृतातही पसरलंय. बहिणीला कळू द्यायचं नाही हं, धीर सुटेल तिचा." आमच्यात त्या दुखण्याचं नाव घेत नाहीत. 'ते दुखणं' म्हणतानासुद्धा ओदेत्त आवाज खाली आणते. डॉक्टर, नर्स, नबील — सगळ्यांचं ठरलंय. लमियाला म्हणे सूज आली आहे. सूज! मीही मान डोलावली.

२ मार्च

तिच्या उरल्यासुरल्या केसांवरून हात फिरवताना ओठांवर आलं — 'तू मला मातीत पुरावंस.' आम्ही आया लेकरांना लाडाने हेच तर म्हणतो, म्हणजे तुझ्याआधी मी जावं. आज गिळून टाकलं.

९ मार्च

शाळेतल्या प्रार्थनाघरातली मारियामातेची मूर्ती आठवली. निळा झगा, आणि अनवाणी पायाखाली चिरडलेला साप. सिस्टर क्लोतिल्द छडीने दाखवायच्या, "मुलींनो, हाच तो सैतान!" शेवटच्या बाकावर बसून मला त्या सापाचीच दया यायची. काय दिवस होते! मेणाचा वास, इस्त्रीचा वास, आणि कोणी मरत नसे.

आज त्याच मारियापुढे मेणबत्ती लावली. माते, तुझ्या पायाखालच्याचीच ही कोणी नात-पणत. तिला भूक दे. रागावू नकोस.

१५ मार्च

हय्याचं कातडं ढिलं पडलंय. बोट फिरवलं की कणा लागतो. लमियाच्या पाठीला तेल लावतानाही तसाच लागतो.

हागोपकडे घेऊन गेले. आज त्याने विनोद केला नाही. हातात तोलून पाहिली. "मादाम, फार तर महिना."

१६ मार्च

लिहायला हात धजत नाही.

दुपारी लमिया औषधाच्या गुंगीत होती. डोळे मिटलेले. ओठ हलले. "हय्या?"

एवढंच. कालपासून रडून रडून खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. म्हटलं, "नाही गं राणी. फार तर महिना म्हणालाय तो. इतके दिवस मी तुला खोटंच सांगत आले."

तिने डोळे उघडले. अगदी लख्ख.

"महिना?"

"फार तर."

"बरं केलंस. कोणी सांगतच नव्हतं." आणि माझाच गाल पुसला. "रडू नकोस. मला घरी ने."

जिन्यात पोचले तेव्हा कुठे लक्षात आलं. हय्या म्हणजे साप. आणि हय्या म्हणजे जिवंत — बाई जिवंत असली की आमच्या भाषेत हाच शब्द! ती सापाचं विचारत नव्हती. स्वतःचं विचारत होती, आणि मी — तिची आई — नाही म्हणाले!

धावत वर गेले. "लमिया, अगं मी त्या सापाचं —"

"कळलं गं आई, मागाहून कळलं." तिने माझ्या ओठांवर बोट ठेवलं. "पण उत्तर चुकलं नाही ना?"

१७ मार्च

नबील फोनवर ओरडला. "तू सांगितलंस? तू?" म्हटलं, अरे, मी साप मरतोय म्हणून सांगितलं. सगळं सांगितलं त्याला. मग हसत होता की रडत होता, कळलं नाही.

२२ मार्च

लमिया घरी आली. खिडकीखाली नारिंग फुललंय, वासाने खोली भरून गेली. तिने हय्याला पोटावर घेतलं. दोघी उन्हात पडून होत्या. "आई, करार अजून आहे हं! ही जेवली तर मी जेवेन," म्हणाली आणि हसली. "पण ही शहाणी आहे, जेवायची नाही."

२४ मार्च

मी वाडगा घेऊन गेले. माझं तोंड बघून तिने एक चमचा घेतला. गिळायला केवढा वेळ. मग सगळं उलटून पडलं, आणि तीच मला म्हणते, "माफ कर, आई."

२७ मार्च

वाडगा नेणं बंद केलं. स्वयंपाकघरात नुसती उभी राहते. हातांना काय करायचं कळत नाही.

३० मार्च

हय्या जेवली! काल सवयीने उंदीर टाकला होता, काढायचा विसरले. सकाळी बघते तर उंदीर नाही आणि पोटाशी फुगवटा.

पेटीवर शाल टाकली आणि माझ्या खोलीत आणून ठेवली. लमियाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्यासाठी तिने तोंड उघडलं असतं.