उणे गुणिले उणे अधिक का?

सातारा, ९ नोव्हेंबर २०२४

चि. अन्वीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही खुशाल. फोनवर हे बोलता येणार नाही, कारण तुझे आजोबा स्पीकर लावून शेजारी बसतात आणि कट त्यांच्याविरुद्धच आहे. उत्तर शेजारच्या शुभदाच्या पत्त्यावर पाठव.

यांना निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण शिकवण्याची खाज गेली नाही. संध्याकाळी कॉलनीतली सातवीची मुलं हॉलमध्ये गणिताला येतात. परवा यांनी सांगितलं की उणे गुणिले उणे म्हणजे अधिक. मी सरबत घेऊन आले होते, सहज विचारलं की अधिक का म्हणून? तर म्हणाले, नियम आहे, पाठ करायचा. आणि तू कुकर बघ. मुलं खिदळली. कुकर लावलेलाच नव्हता!

तूही सातवीत ना? तुमच्या शाळेत कारण सांगत असतील तर मला शिकव. यांना एकदा मुलांसमोर गप्प करायचंय. बाबाला सांगू नकोस, तो पोटात काही ठेवत नाही.

लोभ आहेच, तो पत्र पाठवून सिद्ध कर.
तुझी आजी, लता


गेर्लिंगेन (जर्मनी), २३ नोव्हेंबर २०२४

ती. आजीला अन्वीचा वाकून नमस्कार.

आजी, तू चुकीची टीचर निवडलीस. याच धड्यावर मला मॅथेत, म्हणजे गणितात, पाच मिळालेत. पेढे वाटू नकोस, इथे एक सगळ्यात चांगला आणि पाच म्हणजे नापास. जानेवारीत पुन्हा टेस्ट आहे. आई शिकवणी लावणार म्हणते, तीही शनिवारी, नेमकी माझ्या हँडबॉलच्या वेळेला!

आमच्या गणिताच्या बाईंनी, फ्राऊ केलरनी, हे शिकवलं तेव्हा मी वहीत माझ्या बाकावरच्या लेनाच्या नाकाचं चित्र काढत होते. म्हणून परत जाऊन त्यांना विचारलं, आजीला हवंय असं सांगितलं. त्या खूप हसल्या, पण मधल्या सुट्टीत थांबल्या. आता वहीत लिही:

३ × (−२) = −६
२ × (−२) = −४
१ × (−२) = −२
० × (−२) = ०

पहिला आकडा दर ओळीला एकाने कमी होतो, उत्तर मात्र दोनाने वाढतं. शून्याच्या खाली उणे एक येणार. मग उत्तर काय? तेच तर! मी सांगणार नाही, तू काढ.

मराठीच्या चुकांचे मार्क कापू नकोस.
तुझी अन्वी


सातारा, १२ डिसेंबर २०२४

चि. अन्वीस विजयी आजीचे आशीर्वाद.

उत्तर अधिक दोन! मेथी निवडता निवडता सुचलं आणि मी एकटीच हसले.

काल वर्गात मागे सतरंजीवर बसले आणि हात वर केला. यांना वाटलं चहाचं विचारायचंय. मी परत तोच प्रश्न विचारला, यांनी परत नियम सांगितला. मग मी खडू घेतला आणि तुझ्या ओळी फळ्यावर लिहिल्या. शेवटच्या ओळीला आठ मुलं एकदम ओरडली.

हे फळ्याकडे बघतच राहिले. चष्मा पुसला, वर्ग सोडून दिला आणि तेव्हापासून बोललेले नाहीत. अर्धी भाकरी ताटात टाकून उठले. गप्प करायचं होतं गं, पण इतकं नाही.

काळजीत असलेली,
आजी


सातारा, १८ जानेवारी २०२५

चि. अन्वीस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

कट उघडकीस आला आहे. शुभदाने न विचारताच सगळं कबूल केलं. तुला टेस्टमध्ये दोन मिळाले हे ऐकून मला घाम फुटला. आजीने समजावल्यावर आनंद झाला. शिकवणी टळली हेही कळलं.

मी रागावलो नव्हतो. मला लाज वाटत होती. छत्तीस वर्षं शिकवलं, पण ते कारण मलाच माहीत नव्हतं. कोणी विचारलं की नियम म्हणायचो, फार विचारलं की वर्गाबाहेर काढायचो. ब्याण्णव साली एका मुलाने लागोपाठ तीन दिवस विचारलं. तिन्ही दिवस त्याला दाराबाहेर उभा केला. माझाच मुलगा, म्हणून जरा जास्तच कडक वागलो. तो तुझा बाबा.

हे पत्र त्याला दाखव आणि त्या ओळी समजावून सांग. मला फोनवर जमणार नाही.

तुझ्या आजीच्या वर्गातला,
पद्माकर आजोबा


गेर्लिंगेन, १ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना हृषिकेशचा साष्टांग नमस्कार.

अन्वीने मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवलं. समजलं. तर मग, आता तक्रार मिटली.

फक्त एक दुरुस्ती. दिवस तीन नव्हते, चार होते. चौथ्या दिवशी मी काही विचारलंच नव्हतं. तुम्ही सवयीनेच बाहेर काढलंत.

आईला नमस्कार. तब्येतीला जपा, भाकरी पूर्ण खा.
तुमचा,
हृषिकेश