कोयता म्हंजी काय, हे इचारल्यावर

सर, तुमी बदली हून जाऊन लई वर्सं झाली. तुमी गेलात तवा मी दहावीला हुतो, आन त्याच साली नापास झालो. ते बघायला तुमी न्हवता, हे एक बरं झालं. आता मी जीप चालवतो, पाथर्डी ते आमचं गाव. आज स्टँडाभाईर नंबर लावून बसलोय. पुढच्या जीपा भरून गेल्या, माझ्यात एक म्हातारी आन तिची कोंबडी. बसून काय करायचं म्हनून धाकट्या भनीच्या वहीचं पान फाडलं आन तुमाला लिहायला घेतलं. शुद्धलेखन तपासू नका.

तुमी इतिहास शिकवायचा. सावेडीवरनं येष्टीनं यायचा, बुटावर धूळ घेऊन वर्गात शिरायचा, आन पुस्तकातला धडा उरकला की खडू ठेवून समुद्रापलीकडच्या त्या ग्रीक लोकांचं काढायचा. एकजन पान्याच्या टबात बसल्या बसल्या सोनं खरं का खोटं ते वळखायची युक्ती काढायचा. एकजन रांजनात राहायचा आन राजा भेटायला आला तर त्यालाच उनातनं बाजूला सरकवायचा. पन मला आवडला सॉक्रेटिस. चपट्या नाकाचा, अनवानी, बाजारात कुनालाबी धरायचा. सेनापतीला इचारायचा, शौर्य म्हंजी काय. देवाधर्माचं बोलनाराला इचारायचा, धर्म म्हंजी काय. मला काय कळत न्हाई, तुमीच सांगा, असं म्हनायचा, आन समोरचा सांगता सांगता आपल्याच बोलन्यात गुतायचा. त्याची आई सुईन हुती, हे तुमीच सांगितलं. सुईन लेकरू आनत न्हाई, पोटातलं सुखरूप भाईर काडती, तसं ह्यो मानसाच्या पोटातलं भाईर काडायचा. मला त्यातली सुईन कळलीच न्हाई. मला येवढंच कळलं की मोठ्या मानसाला चारचौघांत गप करायची ही लई झकास युक्ती हाय, आन ती बी परदेशातली.

मंग काय, मी सुटलोच. कंडक्टरला इचारलं, तिकीट म्हंजी काय. मारुतीच्या पाराव बसलेल्या म्हाताऱ्यांना इचारलं, काम म्हंजी काय. आन एक दिवस प्रार्थनेला हेडसर शिस्तीवर बोलाय लागले, तवा मी रांगेतनं हात वर केला आन लई गरिबासारखं तोंड करून इचारलं की सर, शिस्त म्हंजी काय. अख्खी शाळा हसली. हेडसर पायरी उतरून येईस्तोवर मी कंपाउंडावरनं उडी टाकून बाभळीत पसार. पुढं शाळेत आलो तवा तुमी मला जेवायच्या सुट्टीत बोलावून घेतलं. अजून दिसतंय मला. तुमचा डबा उघडा हाय, भाकरीवर शेंगदान्याची चटनी हाय, तुमी अर्धी भाकरी मोडून माझ्या हातात देताय. मला वाटतंय, आता छडी. तुमी म्हनता, "प्रश्न चांगला होता रे. पण तू विचारून पळालास, म्हणून त्याची नुसती थट्टा झाली. तो म्हातारा सॉक्रेटिस उत्तर येईपर्यंत समोर उभा राहायचा." मी इचारलं, उत्तर अंगावर आलं तरी? तुमी म्हनलात, "तरीही." आन भाकरी खाऊन घे म्हनलात. मी खाल्ली, आन भाईर येऊन पोरांना सांगितलं की सरांनी लई हानलं, मी रडलो न्हाई.

हे समदं यंदा आठवायचं कारन झालं धाकटी. ती दहावीला पास झाली, पाथर्डीला अकरावीत बसली. अण्णा आन आई दर साली ऊसतोडीला जातात. तुमाला ठाऊक हाय, आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी नेनारा मुकादम मानसं मोजत न्हाई, कोयते मोजतो. एकटा गडी अर्धा कोयता, त्याला टोळीत कोन घेत न्हाई. म्हनून टोळीचा ट्रक भरायच्या आधी पोरांची लग्नं उरकायची घाई. यंदा मुकादमानं शेजारच्या गावचं एक स्थळ आनलं. पोरगा बरा, पन एकटा. आमच्या धाकटीला अजून सतरावं लागायचं हाय. मी तिला इचारलं, तुला काय पायजे. ती भांडी घासत हुती, वर बी बघितलं न्हाई. "तू कशाला इचारतो? तू हसायला इचारतो." सर, हेडसरांची छडी परवडली असती.

बैठक बसली आमच्या दारात, लिंबाखाली. मुकादम, पोराचा चुलता, अण्णा. बायका दाराच्या आत. पोलिसाला फोन करायचं माझ्या डोक्यात हुतं, शेवटाला केला बी असता, पन आधी म्हनलं इचारून बघू. मी जाऊन सतरंजीच्या कडंला बसलो आन म्हनलो, "मुकादम, मला जरा समजून सांगा. कोयता म्हंजी काय?"

समदे हसले. चुलता म्हनला, "बाप कोयत्यावर म्हातारा झाला आन ह्यो कोयता इचारतोय." मुकादम मला वळखून हाय. त्यानं गंमत म्हनून सांगितलं, नवरा-बायको मिळून एक, एकटा गडी अर्धा. मी इचारलं, मंग आमची धाकटी आज किती. चुलता म्हनला, पोरगी हाय ती, ती कशाला मोजायची. मी म्हनलो, म्हंजी आज काईच न्हाई, आन लगीन लागलं की अर्धा. तो म्हनला, व्हय, तसंच की.

"मंग तुमी सून बघायला आलात का राहिलेला अर्धा न्यायला आलात?"

आता कोन हसलं न्हाई. अण्णांचं तोंड काळंठिक्कर पडलं. "ऊठ," म्हनले, "जा, जीप धू." समदे माझ्याकडं बघत हुते, आता ह्यो पळनार म्हनून. नेहमी पळतोच की. मी बसून राह्यलो. मी म्हनलो, अण्णा, मी हसायला इचारत न्हाई. हे लगीन तुमाला आत्ताच का पायजे, येवढं सांगा. अण्णा एकदम बोलले, "सहा महिने आमी उसाच्या फडात. तिला हितं कुनाच्या जिवावर ठिवू? तुझ्या?"

सर, ते हुतं पोटातलं. कोयता बियता कायच न्हवतं, बापाला भ्या वाटत हुतं.

मी म्हनलो, "व्हय. माझ्या."

चुलता फिसकन हसला. त्याचं बी काय चुकलं, माझ्याकडं कोन कोंबडं सांभाळायला देनार न्हाई. तवा आई दारात आली. चार मानसांत ती कदी बोलत न्हाई. ती अण्णांना येवढंच म्हनली, "त्यो आज हसला न्हाई, तुमी बघितलं का?" पावनं चहा न घेता उठले.

ट्रक गेला. अण्णा माझ्यासंगं बोलले न्हाईत, रात्री कडी नीट लावायला सांग असं आईकरवी सांगून गेले. फडातनं फोन येतो, तो धाकटीला. मुकादमाच्या गोतातले लोक माझ्या जीपीत बसत न्हाईत, म्हनून तर मी हितं लिहीत बसलोय. पुन्याचा मैतर रोज म्हनतो, खोली हाय, काम हाय, निघून ये. तुमी सांगितलं हुतं, सॉक्रेटिसाला विष प्यायची शिक्षा झाली तवा त्याच्या मैतरानं तुरुंगातनं पळवायची समदी तयारी केली हुती, आन ह्यो बाबा जाग्यावरनं हलला न्हाई. तवा मला वाटलं, येडाच हाय. अजून बी ते मला समदं कळलंय असं न्हाई. पन मी मैतराला न्हाई म्हनून सांगितलं. सकाळी धाकटीला कालेजात सोडतो, संध्याकाळी आनतो, मधी मिळतील ती शीटं. सैपाक निम्मा माझा. माझ्या पिठल्यात गुठळ्या हुतात. ती म्हनती, तुझ्या त्या म्हाताऱ्याला सरकारनं विष दिलं, मला तू रोज देतो. ती बारावी हुईस्तोवर मी हितनं हलनार न्हाई. पुढच्या साली परत कोन आलं तर परत हेच इचारीन, आन उत्तर येईस्तोवर बसीन.

हा कागद मी कुठं पाठवनार न्हाई. तुमचा पत्ता न्हाई म्हनून न्हाई, असता तरी पाठवला नसता. कारन त्या दिवशी बैठकीला बसायच्या आधी मी जीप रस्त्याकडं तोंड करून लावली हुती, आन किल्ली आतच ठिवली हुती.