अक्का, विहीर मीच बुजवली

प्रिय अक्का,

सातवी नापास माणूस मी, पत्र लिहायची सवय नाही. पण काल नातीबरोबर एक कार्टून सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून चैन नाही. घरात कुणाला सांगू? तू जाऊन चार वर्षं झाली, तरी तुलाच सांगतो.

सिनेमात एक राक्षस होता. नवी वस्तू दिसली की हवीच! त्यापायी त्यानं डोंगर फोडले, रान कापलं, नदी संपवली. शेवटी सामानाच्या ढिगावर बसून घोटभर पाण्यासाठी रडू लागला. नात म्हणाली, "अज्जा, त्याला तुमच्यासारखंच टक्कल आहे!" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

मल्लेश्वरमच्या आपल्या परसातली विहीर आठवते ना? सकाळी तू पाणी ओढायचीस, कप्पीच्या कुरकुरीनं मला जाग यायची. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तू कढीपत्त्याला घालायचीस. मी चिडवायचो, "पाणी काय सोनं आहे?"

मग मुलानं गाडी घेतली. रस्त्यावर लावली तर कुणी ओरखडा काढेल, या काळजीनं मी रात्री उठउठून बघायचो. मीच विहिरीत राडारोडा टाकून वर फरशी घातली. तू दारात उभी होतीस. एवढंच म्हणालीस, "बुजव बाळू. तहान लागली की गाडीला विचार."

का नाही ओरडलीस गं? लहानपणी पेरू चोरला तर कान पिळायचीस!

आता तिथे दोन गाड्या आहेत. बोअर आटलं. मी सारखा टाकी काठीनं वाजवून बघतो. मुलगा म्हणतो, "अप्पा, स्वल्प शांत बसा, टँकर येतोय." पण तो टँकर तरी कुणाची विहीर उपसून येतो? थकलो मी, अक्का.

आज माळ्यावर तुझी कप्पी सापडली. तेल लावून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. म्हणजे, तू वाट बघत होतीस?

मी मुलाला सांगितलं, रविवारी विहीर खणणारे येताहेत.

"आणि गाड्या कुठे लावू?"

"उन्हात," मी म्हणालो. माझा आवाज कापला नाही, खरंच!

पाणी लागेल की नाही, देव जाणे. नात आत डोकावेल, ही नवी काळजी, जाळी बसवीन. पाणी लागलं नाही तर गच्चीवरचं पावसाचं पाणी विहिरीत सोडीन. पण माझ्या जिवात जीव आहे तोवर तिथे पुन्हा फरशी पडणार नाही, हे वचन.

कप्पी मीच टांगीन. कुरकुरली, तर तेल लावणार नाही.

तुझा घाबरट
बाळू