कोहकाटोल्याचे राहिलेले उत्तर

मी, सोमाजी बकाराम निमसरकार, वय बहात्तर, राहणार भद्रावती, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने हे लिहीत आहे. साखरेचा आजार आहे, डावा कान गेला आहे, डोके मात्र शाबूत आहे. ते आधीच गेले असते तर मला बरे पडले असते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आयुष्यभर भाषणे केली, आणि ती मागे घेता येत नाहीत.

कलम एक. राहते घर मुलगी रोशनी आणि मुलगा अश्वजित यांना निम्मे निम्मे. विकायचे की ठेवायचे ते रोशनीने ठरवावे. अश्वजित पुण्याहून फोनवर ठरवेल, तर ते मोजू नये.

कलम दोन. पाच कपाटे पुस्तके रोशनीला. ती धानोरा तालुक्यातील आश्रमशाळेत शिकवते आणि तिने मुलांकडून गोंडी शिकून घेतली. मी तिकडे सहा वर्षे नोकरी केली आणि गोंडीतले दहा शब्द शिकलो नाही. पुस्तकांच्या समासातले माझे शेरे तिने वाचू नयेत. लेखकांशी मी खूप भांडलो आणि ते उलट बोलू शकत नव्हते म्हणून जिंकलो.

कलम तीन. भोंगा, माईक आणि ॲम्प्लिफायरची पेटी बुद्धविहाराला. चौदा एप्रिलला चाळीस वर्षे मी त्यावर बोललो. पुढच्या वर्षी माईक आधी बायांच्या हाती द्यावा.

कलम चार. माझी तपकिरी नोंदवही कोहकाटोला गावाला. ही सर्वांत मोठी मिळकत आहे. ती सहा वर्षे ट्रंकेत लपवली, म्हणून कारण सांगणे भाग आहे.

निवृत्तीनंतर एका बांधकाम कंपनीने मला त्याच तालुक्यातल्या कोहकाटोल्याच्या नाल्यावरच्या पुलाच्या कामावर समन्वयक नेमले. अभियंते इंग्रजीत बोलत, कागद मराठीत निघत, गाव गोंडीत जगे. मधला अडथळा दूर करणे हे माझे काम. १२ फेब्रुवारी २०१९ रोजी कोहकाटोल्यात बैठक झाली. मी दीड तास बोललो. रस्ता, दवाखाना, संविधान, सगळे आणले. मग तीनदा विचारले, "कोणाची हरकत आहे का?" कोणी बोलले नाही. गावचा भूमिया, म्हणजे गावप्रमुख, सुकलू जमिनीकडे पाहत बसला होता.

कामावरचा मजूर चैतू माझे बोलणे गोंडीत सांगत होता. तो जवळ येऊन म्हणाला, "भाऊ, तुमी लिहून राह्यले का? आज कोनी बोलनार नाई. पाहुना इचारते त्या दिवशी गाव उत्तर देत नसते. घरोघरचे बसतीन, मंग सांगतीन."

मी म्हणालो, "कोणी नाही म्हटलं का?"

"हो बी नाई म्हटलं ना, भाऊ."

हे मी वहीत जसेच्या तसे टिपले. मुक्कामावर येऊन इतिवृत्ताची स्वच्छ प्रत केली, तीत लिहिले: सर्वानुमते संमती, हरकत नाही. खाली सही केली. साहेबांना शनिवारपर्यंत कागद हवा होता. आणि दीड तासाच्या माझ्या भाषणाला कोणाची हरकत असू शकते, हे माझ्या मनातही आले नाही.

पंधरा दिवसांनी सुकलू आणि चैतू चालत कंपनीच्या कार्यालयात आले. गाव बसले होते. जागा चुकली होती. खाली नाला वळतो, पुरात वाहून आलेली लाकडे तिथेच अडकतात. पूल वर, गोट्यांपाशी हवा, असे सगळ्यांचे ठरले होते. कागद मंजूर होऊन गेला होता. मी चिडलो. "बाबा, तवा काऊन नाई बोलले?"

सुकलू गोंडीत काही म्हणाला. चैतूने मान खाली घालून सांगितले, "म्हनते, तवा तर तुमीच बोलून राह्यले होते."

पूल खालीच झाला. ऑगस्ट २०२२ च्या पुरात त्याचे पाइप लाकडांनी बुजले, पाणी कोहकाटोल्यात शिरले. चैतू कुऱ्हाड घेऊन पाइप मोकळे करायला उतरला. तो दोन दिवसांनी सापडला.

चौकशी झाली. अधिकाऱ्याने विचारले, "या इतिवृत्ताशिवाय दुसरी नोंद आहे का?" मी नाही म्हणालो. अश्वजित त्याच कंपनीत लागला होता, माझ्याच शब्दावर. तेव्हापासून गावाने पूल काढून वर बांधण्यासाठी तीन अर्ज केले. तिन्हींवर एकच उत्तर आले: जागा ग्रामस्थांच्या संमतीने ठरली आहे. ती संमती माझ्या हस्ताक्षरात आहे. पुढचा पावसाळाही त्याच पुलावर येणार आहे.

मी लिहून देतो: कोहकाटोल्याने संमती दिली नव्हती. ती मी दिली. ही वही गावाने अर्जासोबत लावावी.

कलम पाच. पुराच्या दुसऱ्याच वर्षी कंपनीने चंद्रपूरच्या एका हॉटेलात 'प्रकल्प व्यवस्थापनातील संवादाचे अडथळे' अशी कार्यशाळा घेतली आणि वक्ता म्हणून मला बोलावले. मी गेलो. बोललो. टाळ्या घेतल्या. ती शाल आणि 'उत्कृष्ट समन्वयक' लिहिलेली काचेची पाटी अश्वजितला. हे सगळे सांगणार आहे म्हटल्यावर तो फोनवर म्हणाला, "बाबा, सही तं तुमचीच हाय. आता काऊन गळा काढून राह्यले? माह्या नोकरीचं काय?" प्रश्न रास्त आहे. पाटी टेबलावर ठेवून त्याने उत्तर शोधावे. बापाने शोधले नाही, त्याचे फळ त्याला दिसतेच आहे.

कलम सहा. माझ्या शोकसभेत त्रिसरण-पंचशील व्हावे. भाषण एकही नको. कंपनीतून कोणी आल्यास चहा द्यावा, माईक देऊ नये.

कलम सात. वकीलबाई सांगतात की मृत्युपत्र माणूस मेल्यावरच लागू होते. घर, पुस्तके, भोंगा खुशाल वाट पाहोत. कलम चार वाट पाहणार नाही. रोशनीला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मेल्यावर सांगाले काय हिंमत लागते, बाबा?" म्हणून येत्या रविवारी वही घेऊन मी कोहकाटोल्यात जाईन. हा कागद रोशनी गोंडीत सांगेल. मी चैतूच्या बायकोसमोर जमिनीवर बसेन आणि बोलणार नाही. माफी मागितली आहे, एवढेच रोशनीने सांगावे. उत्तर त्या दिवशी कोणी मागू नये.

ठिकाण: भद्रावती. दिनांक: ३ मार्च २०२५.
सही: सोमाजी बकाराम निमसरकार

साक्षीदार पहिला: इब्राहीम शेख, भोंगे दुरुस्त करणारा. साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणून त्याला काही दिले नाही. तो म्हणतो, "चालीस साल तेरा भोंगा सुधारला, सोमाजी, तुले नाई सुधारू शकलो." सही केली आहे.

साक्षीदार दुसरी: ॲड. सरिता मेश्राम. सही केली आहे.

तिसरी जागा सुकलू, भूमिया, कोहकाटोला, यांच्यासाठी कोरी ठेवली आहे. निरोप पाठवला होता. गावाला विचारून सांगतो, असे त्यांनी कळवले आहे.